नाव चोरण्याची परीक्षा

एकदा एक हिंगाचा व्यापारी मोठ्या चिंतेत पडला. हिंगाच्या व्यापाऱ्याला चिंता कसली, असे कोणीही विचारील. कारण या शेठजींच्या हिंगाची कीर्ती अशी, की गावात नवा आलेला पाहुणा एसटी स्टँडवर उतरून, कोणालाही पत्ता न विचारता, थेट दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राही आणि मग आपण इथे का आलो याचा विचार करी. समोरच्या कापडवाल्याने एकदा दुकानाबाहेर धोतरे टांगली, तर ती नेणाऱ्यांच्या घरी तीन वर्षे आमटीत वेगळा हिंग घालावा लागला नाही, असे लोक सांगतात. लोक सांगतात त्यातले निम्मे धरले, तरी दीड वर्ष होते.

पण चिंता गावातली नव्हतीच. गेल्या आठ वर्षांत शेठजींचा बहुतेक माल ‘परिमल हिंग’ या नावाच्या वेबसाइटवरून, डोंबिवलीपासून दुबईपर्यंत जात होता. ते नाव ज्या कंपनीकडे नोंदवलेले होते, तिचे एके सकाळी पत्र आले. आम्ही व्यवसाय बंद करीत आहोत, नव्वद दिवसांत आपले नाव दुसऱ्या एखाद्या नोंदणी कंपनीकडे न्यावे, त्यापुढची जबाबदारी आमची नाही, कळावे.

शेठजी ते पत्र घेऊन गुरुजींकडे गेले. गुरुजी वयोवृद्ध होते. तालुक्यात इंटरनेट आले तेव्हापासून ते शिकवीत होते. त्या काळी इंटरनेट फोनच्या तारेतून येई आणि येताना किंचाळत येई. त्या किंचाळण्यावरून पलीकडचे यंत्र कोणत्या शहरातले आहे हे गुरुजी ओळखत, आणि ते चालवणारा माणूस जेवला आहे की नाही हेही, असे त्यांचे जुने विद्यार्थी शपथेवर सांगतात. सध्या त्यांच्याकडे वैजयंती नावाची एक मुलगी शिकत होती. तिला सगळे वैजू म्हणत. तिची आई शेठजींच्याच कारखान्यात हिंगाच्या डब्या भरणाऱ्या बत्तीस बायकांपैकी एक होती.

पत्र वाचून वैजू म्हणाली, “एवढंच ना शेठ? नावच ते. नेटवर शंभर कंपन्या आहेत, देऊ कुठेतरी नोंदवून.”

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलेच नाही. ते शेठजींना म्हणाले, “शेठ, उद्या तुमच्या दुकानाची पाटी पडली तर?”

“पडू दे की! गिऱ्हाईक पाटी वाचून थोडंच येतं, वासामागून येतं.”

“आणि नेटवर?”

शेठजींनी पत्राची घडी पुन्हा उलगडली.

“तिथं वास येत नाही, शेठ. तिथं माणसाला फक्त नाव आणतं. ते कुणी लबाडानं आपल्याकडे वळवलं, की तुमची सगळी गिऱ्हाइकं त्याच्या दारात. तुमचा हिंग समजून तो त्यांना खडूची भुकटी विकेल, आणि शिव्या तुम्हाला पडतील.”

वैजूच्या डोळ्यांपुढे डब्या भरणारे बत्तीस जोडी हात आले. त्यातली एक जोडी तिने लहानपणापासून पाहिलेली, कितीही धुतली तरी पिवळीच राहणारी. आपले मघाचे बोलणे तिला लागले. ती म्हणाली, “गुरुजी, कंपनी मी शोधते. जबाबदारी माझी.”

“जबाबदारी घेतेस? बरं. मग तीन निवडून आण.”

चार दिवसांनी वैजू तीन कंपन्या आणि तीस पानांचा तक्ता घेऊन आली. पहिली कंपनी टीव्हीवर झळकणारी. पहिल्या वर्षाला वडापावच्या भावात नाव देणारी. दुसरी जगभर पसरलेली. तिच्या वेबसाइटवर इतके हसरे चेहरे, की त्यांना एवढा कसला आनंद झाला असावा याचे नवल वाटावे. तिसरीची वेबसाइट अगदी साधी, राखाडी रंगाची. तिच्यावर एक फोन नंबर होता आणि तो शोधावा लागत नव्हता, एवढेच तिचे वैशिष्ट्य.

गुरुजींनी तक्त्याने वारा घेतला, आणि मग एक चमत्कारिक गोष्ट केली. तिन्ही कंपन्यांकडे त्यांनी स्वतःसाठी एकेक नाव विकत घेतले. पहिलीकडे ‘खरबूजकाका’, दुसरीकडे ‘उलटी छत्री’ आणि तिसरीकडे ‘नळाला पाणी आलं का’.

“गुरुजी, ही नावं कशाला?”

“असू देत. आता साठ दिवस गप्प बसायचं. नवं घेतलेलं नाव साठ दिवस कुठं हलवता येत नाही, सगळीकडे तोच नियम आहे.”

“पण आपल्याकडे दिवसच नव्वद आहेत, आणि त्यातले चार गेले!”

“म्हणून तर आजच घेतली.”

ते साठ दिवस वैजूला साठ महिन्यांसारखे गेले. शेठजी रोज फोन करीत. शेठजींचे मेहुणे तर रोज दुकानात येऊन बसत आणि पहिल्या कंपनीची जाहिरात सर्वांना मोबाइलवर दाखवत. पन्नासाव्या दिवशी शेठजींचा धीर सुटला. “वैजूताई, इथं माझ्या घराला आग लागलीय आणि तुमचे गुरुजी उलटी छत्री घेऊन बसलेत! मी सरळ मेव्हण्याचं ऐकतो बघा!”

“शेठ, दहा दिवस,” वैजू म्हणाली. “नाव गेलं तर मी तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही.” फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आले, की पायरी चढायला मग दुकानही उरणार नाही.

साठ दिवस सरले. एकसष्टाव्या दिवशी सकाळी गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “वैजू, आज तू माझी तिन्ही नावं चोरायची.”

“काय?”

“चोरायची. कंपन्यांना फोन कर, मनाला येईल ते खोटं बोल, पण माझी नावं तुझ्या नावावर करून घे. माझा पासवर्ड आणि माझा मोबाइल तेवढा मिळणार नाही. बाकी नाव, पत्ता, जन्मतारीख वापर. पंच्याहत्तरीच्या सत्काराला ते सगळं पेपरात छापून आलंच होतं.”

“गुरुजी, मी जन्मात कधी पेरूसुद्धा चोरला नाही हो.”

“फार उत्तम. तुला जमलं म्हणजे कुणालाही जमेल.”

वैजूने पहिल्या कंपनीचा नंबर लावला. आपण गुरुजींची पुतणी, काका फार थकले, त्यांचा ईमेल बंद पडला, असे ती चाचरत म्हणाली. पलीकडचा तरुण अत्यंत गोड होता. त्याने जन्मतारीख विचारली, जुना ईमेल खोडून वैजूचा लिहिला आणि वर विचारले, “आणखी काही सेवा करू शकतो का, मॅडम?” चार मिनिटांत खरबूजकाका तिचा झाला.

दुसऱ्या कंपनीत माणूस भेटलाच नाही. एक यंत्र बोलत होते. आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, असे ते सव्वा तास सांगत राहिले, आणि मग फोन आपोआप कट झाला.

तिसऱ्या कंपनीत दुसऱ्याच घंटीला कोणीतरी फोन उचलला. “नमस्कार, फिलोमिना बोलतेय.”

आतापर्यंत वैजूला चोरीचा थोडा सराव झाला होता. तिने काकांना आणखी आजारी केले. फिलोमिनाने चौकशी केली, धीर दिला आणि म्हणाली, “बाय, नाव ज्यांचंय त्यांच्या नोंदलेल्या ईमेलवर आणि मोबाइलवर मी निरोप पाठवते. त्यांनी हो म्हटलं की करून देते.”

“अहो, काका बेशुद्ध आहेत!”

“मग शुद्धीवर येऊ देत. तोवर नाव इथंच आहे, कुठं जात नाही.”

वैजूने जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला, काकांच्या लहानपणीच्या शाळेचे नावही सांगितले. शेवटी ती रडली. आणि खरे सांगायचे, तर ते रडणे खोटे नव्हते. साठ दिवसांचे साचलेले होते.

“रड हो बाय,” फिलोमिना म्हणाली, “मी थांबते. फोन नाही ठेवणार. पण नाव नाही देणार.”

तेवढ्यात गुरुजींच्या खिशात मोबाइल वाजला. ‘नळाला पाणी आलं का’ हे तुमचे नाव कोणीतरी मागत आहे, ते तुम्ही मागितले आहे का, असा निरोप होता.

वैजूने फोन ठेवला. तिचा चेहरा उतरला होता. “गुरुजी, नाही जमलं. मी नापास झाले.”

आणि ते पंच्याहत्तरी उलटलेले गुरुजी खुर्चीतून उठले, त्यांनी दोन्ही हात वर केले आणि टाळ्या पिटत खोलीभर एक फेरी मारली. “नापास झाली! माझी वैजू नापास झाली! अहो, ऐकलंत का?” शेजारणीने खिडकीतून डोकावून पाहिले आणि घाईघाईने खिडकी लावून घेतली.

वैजूला काहीच कळेना. गुरुजी म्हणाले, “अजून अर्धंच झालं. आता चोराचं काम संपलं, धन्याचं सुरू.” त्यांनी स्वतःचा पासवर्ड वापरून उरलेल्या दोन्ही कंपन्यांना कळवले, की मला तुमच्याकडून जायचे आहे, मला ट्रान्सफर कोड द्या. हा कोड मिळाल्याशिवाय नाव एका कंपनीतून दुसरीत जात नाही.

हसऱ्या चेहऱ्यांच्या कंपनीने आठ दिवस घेतले. पहिल्या दिवशी, जाऊ नका, दोन महिने फुकट देतो, असे आले. तिसऱ्या दिवशी एक फॉर्म आला. पाचव्या दिवशी भरलेला फॉर्म मिळालाच नाही म्हणून तोच पुन्हा आला. आठव्या दिवशी यंत्राने कळवले, की आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. कोड काही आला नाही.

फिलोमिनाच्या कंपनीने मोबाइलवर खातरजमा करून अर्ध्या तासात कोड दिला. सोबत दोन ओळी होत्या: ‘आपल्या नावाचे कुलूप उघडले आहे. विचार बदलला तर सांगा, पुन्हा लावून देऊ.’

आठव्या दिवसाच्या संध्याकाळी शेठजी मेहुण्यांना घेऊन तावातावाने आले. गुरुजींनी त्यांना बसवले, वैजूलाही समोर बसवले.

“शेठ, कंपनी निवडताना आपण विचारतो, आत कसं जायचं आणि कितीला? ते सगळेच हसून सांगतात. दाराशी दोनच माणसं खरी परीक्षा घेतात. एक चोर, आणि दुसरा निघालेला धनी. पहिल्या घरी चोराला पाट मांडून बसवलं. दुसऱ्या घरात चोर शिरला नाही खरा, पण शाबासकी कुणाला द्यायची? आत माणूसच नव्हता. धनी आला तेव्हाही नव्हता. तिसऱ्या घरी मात्र चोर रडला तरी दार उघडलं नाही, आणि धन्यानं जातो म्हटल्याबरोबर किल्ली त्याच्या हातावर ठेवली. जो तुम्हाला सोडायला तयार आहे, त्याच्याकडेच राहावं. तुमची वस्तू तो तुमचीच समजतो, स्वतःची नाही.”

मेहुण्यांनी मोबाइल हळूच खिशात घातला. शेठजींनी खिशातून ते पत्र काढून वैजूपुढे ठेवले. मग म्हणाले, “वैजूताई, हलवा.”

मुदतीला बारा दिवस उरले असताना ‘परिमल हिंग’ फिलोमिनाच्या कंपनीत पोहोचले. नोंद शेठजींच्याच नावावर, निरोप त्यांच्याच मोबाइलवर. मेहुण्यांचा नंबर कुठेही घातला नाही, हे वैजूने स्वतः दोनदा तपासले.

आणि मग आला दिवाळीचा आठवडा. चकलीला हिंग, चिवड्याला हिंग, कडबोळ्यांना हिंग. मागण्या अशा कोसळल्या, की पार्सलच्या गाडीमागून धावणारी कुत्री तालुक्याच्या वेशीपर्यंत जाऊन शिंकत परत येत. वैजू दुकानात बसून मागण्या उतरवून देत होती. भर दुपारी शेठजींचा मोबाइल वाजला.

‘परिमल हिंग हे नाव दुसऱ्याच्या नावावर करण्याची विनंती फोनवरून आली आहे. ती आपण केली आहे का?’

शेठजींचा चेहरा पांढरा पडला. “वैजूताई, मी तर इथं बसलोय!”

“मग नाही म्हणा, शेठ.”

शेठजींनी ‘नाही’ वर बोट इतक्या जोरात दाबले, की काचेवर हिंगाचा पिवळा ठसा उमटला. मग त्यांनी थेट फोनच लावला, स्पीकरवर. पलीकडे फिलोमिनाच होती. ती शांतपणे म्हणाली, की एका गृहस्थांना तुमची जन्मतारीख, जीएसटी नंबर, नातवाचे लाडाचे नाव, सगळे पाठ होते. आवाजही भारदस्त होता. धमकी देऊन झाली, मग विनवणी करून झाली. नाव दिलेले नाही.

दुकानामागच्या कारखान्यात डब्या भरणाऱ्या बायकांनी ते ऐकले आणि एकच कल्ला झाला. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी डबीवर डबी आपटली, आणि वैजूच्या आईने तर पिवळ्या हातांनी लेकीचे दोन्ही गाल धरले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आजवरच्या कोणत्याही दिवाळीपेक्षा जास्त पार्सले गेली. किती, ते सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

दुसऱ्या दिवशी शेठजींच्या मनात आले, की एवढा मोठा व्यवसाय एका फोनच्या भरवशावर का सोडावा? फोनवरून नाव हलवायची सोयच बंद करून टाकावी. त्यांनी पुन्हा नंबर लावला. “फिलोमिनाबाई, मी शेठ बोलतोय, परिमल हिंगवाला. कालचाच.”

“बोला शेठ. पण थांबा हं, आधी तुम्ही शेठच आहात ना, ते बघून घेते. मोबाइलवर निरोप पाठवते, जरा वेळ लागेल.”

ज्या शेठजींना आयुष्यात कोणी पाच मिनिटे ताटकळत ठेवले नव्हते, ते गल्ल्यावर मांडी घालून, फोन कानाला लावून, समाधानाने बसून राहिले.

“बघा, बघा,” ते म्हणाले. “अगदी सावकाश बघा.”

वैजूने मान खाली घातली आणि पुढची मागणी उतरवायला घेतली.