तेरा सत्ते ब्याण्णव

एकदा एका पेठेत साथीने असे ठाण मांडले, की दारे लागली ती लागलीच. त्या पेठेत एक वृद्ध गुरुजी राहत. गणितात त्यांचा शब्द अखेरचा. त्यांच्यापाशी राहून शिकणारा शिष्य तिशीचा होता, पण गुरूंना कुणी काही बोलले की लहान मुलासारखा रुसायचा.

समोरच्या माडीवर रेवणशेठ वाणी एकटेच. धाकटा भाऊ साथीत गेला, तेव्हापासून त्यांची खिडकी बंद. शेजाऱ्यांनी पायरीवर ठेवलेले ताट संध्याकाळी जसेच्या तसे दिसे. (पेठेत कुणाच्या ताटात काय उरले हे सगळ्यांना कळतेच, त्याला इलाज नाही.) शिष्य रोज हाक मारी, "शेठ, बरे आहात ना?" आतून "बरा आहे" एवढेच येई, की पुन्हा चिडीचूप.

एके सकाळी गुरुजी सज्जात आले आणि खड्या आवाजात पाढे म्हणू लागले. "तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा सत्ते ब्याण्णव..."

शिष्य चपापला. "गुरुजी, एक्याण्णव!" तो कुजबुजला.

गुरुजींनी आवाज आणखी चढवला. "तेरा सत्ते ब्याण्णव!"

आजूबाजूच्या खिडक्यांत खसखस पिकली. "गुरुजींचं वय झालं हो आता!" शिष्याचे कान लाल झाले. गुरुजी पुन्हा ब्याण्णव म्हणाले मात्र, समोरची खिडकी धाडकन उघडली. दाढी वाढलेले रेवणशेठ ओरडले, "अहो, एक्याण्णव! एक्याण्णव! जन्मभर तराजू धरला मी. कानांना काही दयामाया दाखवाल की नाही?"

"असं? मग पुढचं तुम्हीच म्हणा बघू."

"म्हणतो की! तुमच्या भरवशावर पेठ राहिली तर बुडायचीच!" आणि शेठ जे सुटले, ते एकोणतीसच्या पाढ्यावरच थांबले. घसा कोरडा पडला, पोटाने भुकेची आठवण करून दिली. पायरीवरचे ताट त्या दिवशी आत गेले.

"पण लोक हसले तुम्हाला," शिष्य धुसफुसला.

"हसले ना? किती दिवसांनी हसले!" गुरुजींनाही हसू आवरेना. मग ते म्हणाले, "अरे, बरे आहात का विचारलं की माणसाला बरा आहे म्हणावंच लागतं. बोलणं तिथंच खुंटतं. शेठना लोकांच्या काळजीचा कंटाळा आला होता. आपलीही कुणाला गरज आहे, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. म्हणून दुरुस्त करायला माझी एक चूक दिली त्यांना."

दुसऱ्या दिवशी गुरुजी उठायच्या आतच समोरून आवाज आला. दाढी करून, टोपी घालून रेवणशेठ खिडकीत उभे. "बारा आठे पंच्याण्णव!"

शिष्य 'शहाण्णव' म्हणणार, तोच त्याच्या लक्षात आले, की शेठची नजर कोपऱ्यावरच्या बंद खिडकीकडे आहे. तिथे अंबूताई मास्तरीणबाई राहत. शाळा बंद पडल्यापासून त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

मग शिष्यानेही शेठच्या सुरात सूर मिळवला, "बारा आठे पंच्याण्णव!"

कोपऱ्यावरच्या खिडकीची कडी वाजली.