ताठ मान आणि ताठा

ओढ्याकाठच्या एका सागवनात एक हरिणी आपल्या कळपाबरोबर राहत असे. तिचे पाडस जन्मापासूनच अशक्त. पान वाजले तरी आईच्या पोटाखाली दडायचे. हरिणीच्या जिवाला घोर लागला. असा भित्रा राहिला तर याचा निभाव कसा लागणार? म्हणून ती त्याला उठता-बसता सांगू लागली, की मान ताठ ठेव, तुझ्यासारखा चपळ या रानात कोणी नाही.

आणि पाडस धीट झाले खरे. पण बाळांनो, ते तेवढ्यावर थांबले नाही. ओढ्यावर ते सगळ्यांना बाजूला सारून आधी पाणी पिऊ लागले. बिबट्या दिसला की झाडावरची वानरे खाकरत आणि सगळी पाडसे मान जमिनीला टेकवून गवतात चिडीचूप पडून राहत. हे मात्र उभेच. वर म्हणायचे, "माकडांना पडसे झाले, म्हणून मी लोळण घ्यायची होय?" पाडसे हसली. हरिणीलाही हसू आले.

एकदा कळपातल्या म्हाताऱ्या हरिणीने तिला बाजूला घेतले. "पोरी, तुझ्या लेकाला ताठा आलाय."

हरिणीचा ऊर भरून आला. "हो ना आजी. दोन महिन्यांपूर्वी मानसुद्धा वर करत नव्हता."

"मान ताठ आहे असे नाही म्हटले मी. ताठा आलाय म्हटले. ताठ मान वेळ आली की खाली घेता येते. ताठा वाकत नाही, बाई."

हरिणी ओशाळली. पण आज रागावले तर लेकरू पुन्हा पोटाखाली दडेल, या भीतीने तिने बोलणे उद्यावर ढकलले.

दुसऱ्या दिवशी उन्हे कलताना वानरे खाकरली. मोठी हरणे उधळली, पाडसे गवतात दिसेनाशी झाली. हरिणीने वळून पाहिले, तर तिचे पाडस वाटेतच उभे.

"बाळा, खाली पड. मान टेकव," ती कळवळून म्हणाली.

"मी कशाला? तूच सांगतेस ना, माझ्यासारखा कोणी नाही."

बिबट्या लपलेल्या पाडसांच्या अगदी जवळून गेला. त्यातले एकही त्याला दिसले नाही. उभे होते तेवढेच दिसले.

हरिणी दोन दिवस त्या जागेवरून हलली नाही. म्हातारी तिच्याशेजारी बसून राहिली. दोषाचा शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी एक पाडस भीत भीत जवळ आले. "मावशी, तो खूप शूर होता ना?"

हरिणीने त्याचे कपाळ चाटले. मग म्हणाली, "नाही रे राजा. त्याला ताठा होता. मीच त्याला ताठ मान समजत राहिले."

तात्पर्य : मान ताठ असावी, अंगी ताठा नसावा, आणि कौतुकाने उभे केलेल्या लेकराला वाकायलाही आपणच वेळेवर शिकवावे.