पालथ्या परातीवरचा भात

कडूबाई शेतात नांगर घालत नसत. आडव्या पाडलेल्या तागाच्या जाड थरातच त्यांनी मका टोकला होता आणि आता थर सारून, रोपाशेजारी खड्डा करून त्या मातीत युरिया पुरत होत्या.

पीकस्पर्धेचे परीक्षक रणनवरेसाहेब बांधावरूनच गरजले, “हा काय पोरखेळ? युरिया वरून फेका, नाहीतर नाव खोडतो!” त्यांनी पेनही काढलं.

“आधी जेवून घ्या, साहेब.”

कडूबाईंनी साहेबांपुढे ताट मांडलं, त्यावर परात पालथी घातली आणि परातीवरच आमटी-भात वाढला. आमटी ओघळून साहेबांच्या पँटवर आली.

“अहो बाई, ताट खाली आहे!”

“मक्याची मुळंपण खालीच आहेत, साहेब.”

साहेबांनी पेन खिशात घातलं आणि परात स्वतःच बाजूला सारली.