रिकाम्या हातांचं क्रियापद

त्या राज्यात फक्त क्रियापदं राहत, आणि दिवसभर काय केलं ते रोज संध्याकाळी चावडीवर दाखवावं लागे. तोडणे तुकडे घेऊन येई, धावणे घामाघूम होऊन येई. कन्सीव्ह मात्र रिकाम्या हातांनी येई. इंग्रजीच्या मुलखातून आलेलं हे क्रियापद. मनात कल्पना धरणं हे त्याचं काम. ते दाखवणार कसं? चावडीवर हुकूम चाले मोजण्याचा. त्याने बजावलं, "आठ दिवसांत काही दाखव, नाहीतर राज्याबाहेर चालू लाग."

त्याच दिवशी नदीने खांबांसकट पूल नेला. बांधण्याच्या हातांत बळ होतं, पण बांधायचं काय ते सुचेना. पुन्हा खांब रोवले तर पुन्हा वाहून जाणार. ते कन्सीव्हच्या दारात येऊन बसलं.

"बाबा रे, तूच काहीतरी सांग."

"माझ्याकडे कुठलं? सगळ्यांकडून मागून आणू."

कन्सीव्ह दारोदार फिरलं. पाहण्याने दोन झाडांमध्ये लोंबणारी वेल दिली. ऐकण्याने पूल मोडतानाचा आवाज दिला. आधी खांब कुरकुरले होते, फळ्या नव्हेत. पडण्याला तर आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. त्याला इतका आनंद झाला की तोल कुठे जातो, हात कशाला शोधतात, सगळं सांगून वर त्याने चहाही पाजला.

हे सगळं घेऊन कन्सीव्ह दार लावून बसलं. लोक म्हणाले, झोपलंय. पाचव्या दिवशी त्याच्या मनात बिनखांबांचा झुलता पूल उभा राहिला, दोन्ही बाजूंना धरायला दोर असलेला. अडलं एकाच ठिकाणी: दोर किती लांब हवा? कन्सीव्ह निमूटपणे मोजण्याच्या दारी गेलं.

"सत्तर हात," मोजणे गुरकावलं, "आणि उरले तीन दिवस."

आठव्या दिवशी बांधण्याने पूल पुरा केला. मोजणे त्यावर मधोमध उभं राहिलं. "वेल पाहण्याची, धरायचे दोर पडण्याचे, लांबी तर माझीच. यात तुझं काय?"

"काहीच नाही."

"मग केलंस काय?"

कन्सीव्हने दोन्ही तळहात जुळवून ओंजळ केली. "आमचे पूर्वज लॅटिन. एकाच्या नावाचा अर्थ 'एकत्र', दुसऱ्याच्या नावाचा 'घेणे'. त्यांनी एवढंच शिकवलं."

मोजण्याने वाकून पाहिलं. ओंजळ रिकामी होती. मग त्याने पायाखालचा पूल पाहिला.

"राहा इथेच," ते शेवटी म्हणालं.

काठावर पाहणे, ऐकणे, पडणे, बांधणे उभी होती, समोर मोजणे. त्या सगळ्यांकडे पाहत कन्सीव्हने ओंजळ हळूच मिटली, आणि तिचा नमस्कार झाला.