सहा दाढांत फिरलेली फाइल

"...पण ही फाइल मोडेलच कशी, सर? तुम्हीच सांगा!"

ओजस पाचव्यांदा विचारत होता. डेंटल कॉलेजात मास्टर्स करत होता. रूट कॅनलमध्ये आपला हात धरणारं कुणी नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

खुर्चीत घोडके काकू. भूल दिलेली, अर्धा ओठ बधिर. एक्स-रेत दाढेचं मूळ कोयत्यासारखं वळलेलं.

इनामदार सर म्हणाले, "आधी हाताच्या फाइलने वाट कर. मग मशीनची घाल."

"हाताने? तो जमाना गेला, सर." त्याने मशीनची फाइल, ती मुळातली नळी कोरायची बारीक सुई, बोटांनी गोल वाकवली. सोडली. टुणकन सरळ. "निकेल-टायटॅनियम! मी थेट घालणार."

"किती दाढांत फिरलीये?"

"सहा. पण एक ओरखडा दाखवा."

"तेच तर. स्टीलची दमली की पीळ सुटतो, दिसतं. ही शेवटपर्यंत सरळ दिसते."

"दिसते म्हणजे आहेच!"

सर काकूंच्या खुर्चीपासून बाजूला झाले.

मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन आडवे झाले. लाइट स्वतःच तोंडावर ओढून घेतला.

"सर?"

"खालची डावी, शेवटून दुसरी. मूळ काकूंच्यापेक्षा वाकडं. घाल."

"दुखतेय?"

"नाही. ठणठणीत आहे."

"मग रूट कॅनल कशाला?"

"तू हट्टाला पेटलायस. म्हटलं, आपणही पेटावं."

काकू मान वळवून बघायला लागल्या.

"आणि मोडली तर?"

"तुकडा राहील आत. माझ्याबरोबर जळेल."

"घालतो! मला काय?" ओजसने हातमोजे बदलले. ड्रॉवर उघडला. नव्या फाइलचं पाकीट फाडायला घेतलं.

"ती नको. तीच."

"सर, ती सहा दाढांत..."

"सरळ आहे की."

ओजसचा हात पाकिटावरच राहिला...

घोडके काकूंनी तोंड गच्च मिटलं.

"काकू, उघडा ना."

"न्हाई उघडत जा," काकू अर्ध्या ओठाने म्हणाल्या. "सरांना नवी आन् मला शिळी व्हय रं, मुडद्या?"

ओजस कानापर्यंत लाल झाला. "बरं! काकूंनाही नवी. आधी हाताची, मग ही. झालं? आता तर नाही ना मोडणार?"

"नवीपण मोडते."

"हाताने वाट केली तरी?"

"तरी."

"मग मी नाहीच करत!" ओजसने पाकीट ट्रेमध्ये आपटलं. "तुम्हीच करा. मला नाही जमणार!"

सर खुर्चीतून उठले. हाताची फाइल ओजसच्या हातात ठेवली.

"मोडेल म्हणून घाबरलास ना? आता जमेल तुला. काकू, आ करा."