इलंयची धोंड

सोमवारी शाळेच्या मुलाखतीत माझी चार वर्षांची ईरा ‘मला’ऐवजी आजीसारखे ‘माका’ म्हणाली तर काय, या काळजीने माझी तीन रात्री झोप उडाली होती. एम.ए. मी भाषा घेऊनच केले आहे. त्याचा अशा वेळी काही उपयोग होत नाही. शनिवारी तिच्या आजीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या गावी जाताना होडीतच मी तिच्याकडून ‘इथे’, ‘तिथे’ घोकून घेत होते.

खाडीच्या तोंडाशी एक काळी धोंड आहे. तिथे होडी थांबते. शहरातून आलेल्याने ‘मी इलंय गो’, म्हणजे ‘मी आलोय गं’, अशी हाक दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. का, ते त्या दिवशी होडीवाल्या जानूकाकांनी सांगितले. माझे घोकणे ऐकूनच सांगितले असावे.

फार पूर्वी म्हणे पेठेतल्या वैद्यांची सून अहिल्या हिचे दूध आटले, म्हणून तिच्या तान्ह्या लेकीला, तुळसाला, इथल्या एका गाबतिणीने, म्हणजे मासेमाराच्या बायकोने, पाजले, वाढवले. पोर बोलू लागली ती तिच्याच बोलीत. अहिल्येला पेठेत लाज वाटे. दाईला भेटायला येताना तिने पोरीला दटावले, की हे शब्द पुन्हा तोंडातून काढायचे नाहीत.

त्यात धुके उतरले. वल्हवणारे पेठेतले, खाडीला नवखे. धोंडेवर कालवे काढणाऱ्या बायका ओरडू लागल्या, “खडप हा पुढ्यात! रवा! भायर व्हरा!” होडीत कुणाला काही उमगेना. तुळसाला सगळे कळत होते, पण ती आईच्या तोंडाकडे बघत गप्प बसली.

अहिल्येने तिचे थरथरणारे ओठ पाहिले आणि म्हणाली, “बोल, बाळ.”

मग पोर एकेक हाक पेठेच्या भाषेत सांगत गेली, ‘पुढे खडक आहे, थांबा, बाहेरून घ्या’, आणि होडी खडकांतून सुखरूप धोंडेला लागली. तिथेच अहिल्येने नवस बोलला, की पेठेतून येणारा आधी या किनाऱ्याच्या बोलीत हाक देईल. पहिली हाक तिनेच दिली. ती इतकी वेडीवाकडी होती, की बायका टोपल्या टाकून हसल्या, आणि हसत हसतच तिला हाताला धरून जेवायला घेऊन गेल्या, असे सांगतात.

आजही धोंडेशी होडी थांबते आणि काठावर बायका कान देऊन उभ्या राहतात. सहा वर्षे माझ्या वाट्याची हाक नवराच देत आला. या खेपेस तो नव्हता. जानूकाकांनी वल्हे वर धरले. मी घसा खाकरला. बाहेर पडले ते नुसते पुटपुटणे.

ईराने माझी ओढणी ओढली.

“आई, मोठ्यान मार गो हाक. लोक हसतले, पण जेवूक घालतले.”