डोंगराकडचा ढग

समुद्र आणि डोंगर यांच्या मधोमध, जिथली जमीन उन्हात लखलखते, तिथे एक मिठागर होतं. मीठ पिकवणाऱ्यांची तिथे वीसेक घरं. त्यांतलं सगळ्यात इवलंसं घर आवडीचं. घरात दोघीच, आवडी आणि तिची आई. आवडी नऊ वर्षांची, मिठाने तळपाय चिरलेले, पण तोंड सदा हसरं.

त्या वैशाखात आई तापाने अंथरुणाला खिळली. आगरात त्यांचा मिठाचा ढीग उभा होता, पांढराशुभ्र. तो देऊन वर्षाचा भात मिळायचा. पावसात ढीग विरघळला की भातही गेला. आता या गावाची एक गंमत ऐका. पावसाळा येतो समुद्राकडून, म्हणून सगळे जण ढिगांवर समुद्राच्या बाजूनेच नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप घालत. डोंगराकडची बाजू उघडीच. पणजोबा असंच करायचे ना, मग झालं!

एका दुपारी आवडी काजूच्या बागेत पाणी प्यायला टेकली. पाहते तर एका पानाखाली अंगठ्याएवढी परी धापा टाकतेय! पंख दुधाळ, झगा चंदेरी, आणि कडा उन्हाने वाळत चाललेल्या. आवडीच्या तांब्यात शेवटचा घोट होता.

"तुका पाणी होया?" असं विचारून तिने तो सगळा परीवर शिंपडला.

परी टुणकन उठली. "मी ढगपरी. पहाटे धुकं होऊन खाली उतरले होते. धुकं म्हणजे जमिनीवर बसलेला ढगच. ऊन चढलं आणि मी मागे राहिले. तू भली मुलगी आहेस. तीन इच्छा माग. पण पाऊस पाड किंवा थांबव, असं मागायचं नाही. आणि जे पाहशील ते लपवून ठेवायचं नाही."

आवडीने जराही वेळ लावला नाही. "ढग कसो बनता, ता माका दाखय."

परीने टाळी वाजवली. आवडी पिसासारखी हलकी होऊन वर वर गेली. आगरातल्या पाण्याची वाफ तिच्याभोवती चढत होती. वर गार लागलं, तशी ती वाफ हवेतल्या बारीक कणांना बिलगली आणि तिचे थेंब झाले.

"धुळीचे कण, धुराचे कण," परी म्हणाली, "आणि लाटांनी उडवलेले मिठाचेही!"

मीठ ढगातही असतं, हे कळल्यावर आवडीला भारी अभिमान वाटला.

"आता सगळे ढग दाखय."

ही दुसरी इच्छा. परीने बोटाने एकेक दाखवला. अगदी उंच पिसांचे ढग, बर्फाच्या कणांचे. त्यांच्याखाली राखाडी चादर, तिच्यातून रिपरिप. खाली सपाट बुडाचे कापशी गोळे, ते गोरेगोमटे असले की निवांत राहावं. "पण कापूस फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर वर चढायला लागला आणि त्याचा माथा चपटा झाला, की पळायचं. गडगडाट ठरलेला."

आवडीने मान वळवली. डोंगरावर नेमका तसाच ढग उभा होता, माथा चपटा, बूड काळंभोर. आणि तो आगराकडेच सरकत होता.

एक इच्छा उरली होती. आई आजारी, आपल्या ढिगाला झाप अपुरे. तेच मागावेत? पण मग बाकीच्या घरांचं काय? तिला रडू आलं. रडत रडतच ती म्हणाली, "माझो आवाज सगळ्या आगरात आयकाक येवंदे."

"आणि तुमचा ढीग?"

"तो मी झाकतलंय."

क्षणात तिचे पाय जमिनीवर टेकले. ती ओरडली आणि आगरभर ऐकू गेलं. "झाप डोंगराच्या बाजूक घाला! पाऊस येता!"

म्हातारे बाबलआजोबा समुद्राकडे बघून हसले. "थय एक ढग नाय गो चेडवा. रेडियोवर सांगल्यानी, जिल्ह्यात कोरडा हवामान."

"जिल्हो मोठो आसा, आजोबा! वळान बघा!"

आजोबा वळले. बघितलं मात्र, त्यांचं हसू मावळलं. मग एकच धावपळ! समुद्राकडचे झाप निघून डोंगराकडे चढले. ज्याला उमजेना, त्याच्याकडे आवडी धावत जाऊन समजावू लागली. सगळ्यांचं होईपर्यंत टपोरे थेंब पडू लागले, आणि तिचा स्वतःचा ढीग तसाच! ती जीव खाऊन पळाली.

ढिगाशी पोचली तर तो पुरता झाकलेला. गावातल्या बायका झापांवर दगड ठेवत होत्या. स्वतःच्या ढिगावरचे दोन झाप काढून आणलेले बाबलआजोबा तिथेच भिजत उभे होते.

अर्धा तास पाऊस कोसळला. मीठ राहिलं. आई तापातच काठी टेकत आली, ढीग बघितला आणि आवडीला पोटाशी धरून हमसून हमसून रडली. भाताची चिंता मिटली होती.

ऊन पडलं. ओल्या झापांतून वाफ निघाली आणि परी तिच्यातून सोनेरी झळझळत वर गेली, दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं आगर कामाला न लागता आवडीची वाट बघत उभं होतं.

"आज काय गो?" बाबलआजोबांनी विचारलं.

आवडीने समुद्र बघितला, डोंगर बघितला. "दुपारपर्यंत कोरडा. फुडचा माका म्हायत नाय, दुपारी बघून सांगतंय."

"बरा तर," आजोबा म्हणाले, आणि सगळे मीठ ओढायला गेले.